बोधनविज्ञान : विद्यापीठीय अध्ययन

मन आणि बुद्धी यांचे व्यवहार कसे चालतात, याचा शोध अनेक विद्याशाखांनी मिळून घ्यावा या भूमिकेतून उभी राहिलेली ज्ञानशाखा. ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या नावाने ती अधिक परिचित आहे. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकविज्ञान, तंत्रिकाविज्ञान, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र ही तिची सहा अंगे मानली जातात. शिक्षणशास्त्राला सातवे स्थान द्यावे, असेही काही अभ्यासक म्हणतात.

उदय : सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी’त माहिती-सिद्धांतावर परिसंवाद भरला होता. तेथे अ‍ॅलन न्यूएल व हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी संगणकीय आज्ञावली मांडली, नोम चॉम्स्की यांनी व्याकरणाचा नवा विचार सांगितला आणि जॉर्ज मिलर अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेवर बोलले. ११ सप्टेंबर हाच या विषयाचा जन्मदिवस, असे मिलर यांनी पुढे नमूद केले. मनातल्या घडामोडींना विज्ञानाच्या कक्षेबाहेर ठेवणाऱ्या वर्तनवादाची पकड त्या दशकात सैल होत होती.

‘कॉग्निटिव्ह सायन्स’ ही संज्ञा ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स यांनी १९७३ मध्ये रूढ केली. ते मूळचे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ. या नावाचे नियतकालिक १९७७ मध्ये सुरू झाले.

विभाग व पदव्या : अमेरिकेतील व्हॅसार कॉलेजने १९८२ मध्ये या विषयाची स्नातक पदवी सुरू केली, अशी पदवी देणारी ती पहिली संस्था समजली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत १९८६ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. डोनाल्ड नॉर्मन हे त्याचे संस्थापक प्रमुख. त्याच वर्षी तेथील डेव्हिड रूमेलहार्ट यांनी जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स यांच्यासह चेताजालांना (मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवरच्या संगणकीय रचनांना) चुकांवरून शिकवण्याच्या रीतीवर ‘नेचर’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता या रीतीवर उभी आहे. हिंटन यांनी केंब्रिजला प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी घेतली, एडिंबरोला लाँगेट-हिगिन्स यांच्याकडे संशोधन केले आणि २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते भौतिकीचे, जॉन हॉपफील्ड यांच्यासह.

अभ्यासक्रम : संख्याशास्त्र, संगणकलेखन, प्रयोगरचना, भाषेचे विश्लेषण आणि मेंदूची रचना हा बहुतेक ठिकाणचा पाया. खरी कसोटी लागते ती एकाच प्रश्नाकडे अनेक बाजूंनी पाहताना. मराठी घरातले लहान मूल ‘मी चित्र करलं’ म्हणते. ‘करलं’ हे रूप त्याला कोणी शिकवलेले नसते. मुलाने नियम शोधून तो सरसकट लावला, असे व्याकरणाच्या अंगाने म्हणता येते; ऐकलेल्या रूपांच्या सारखेपणातूनच हे घडते, असे चेताजालाचे पुरस्कर्ते म्हणतील. इंग्रजी भूतकाळी रूपांबाबत हा वाद रूमेलहार्ट व जेम्स मॅक्लेलंड यांच्या १९८६ च्या प्रतिमानाने पेटवला. स्टीव्हन पिंकर व अ‍ॅलन प्रिन्स यांनी १९८८ मध्ये त्यावर सविस्तर टीका केली. वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही.

मानवशास्त्राचा वाटा : सहा अंगांपैकी हे सर्वांत उपेक्षित, पण या विषयातील एक अव्वल अभ्यास याच अंगाने दिला. सॅन डिएगोचे एडविन हचिन्स यांनी आधी ट्रोब्रिआंड बेटांवरील जमिनीच्या तंट्यांत लोक तर्क कसा लढवतात ते अभ्यासले आणि मग ते अमेरिकी नौदलाच्या जहाजावर गेले. ‘कॉग्निशन इन द वाइल्ड’ (१९९५) हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. जहाजाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले खलाशी किनाऱ्यावरच्या खुणा दुर्बिणीतून हेरतात आणि त्यांचे कोन टेलिफोनवरून सांगतात. एकजण ते वहीत उतरवतो, दुसरा नकाशावर रेषा आखतो आणि दर तीन मिनिटांनी जहाजाची जागा ठरते. एकदा बंदरात शिरताना वाफेचा दाब गेला आणि पाठोपाठ घूर्णी होकायंत्र बंद पडले. आता प्रत्येक कोनासाठी चार आकड्यांची बेरीज हाताने करणे आले : चुंबकीय होकायंत्राने दाखवलेली दिशा, जहाजाच्या लोखंडामुळे तिच्यात पडणारा फरक, खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक आणि खुणेचा जहाजाशी होणारा कोन. कोणीही आखणी केली नव्हती. तरी चुकत, अडखळत वही लिहिणारा आणि रेषा आखणारा या दोघांमध्ये कामाची नवी वाटणी बसत गेली. हे आकलन एका डोक्यात मावणारे नव्हते, ते माणसे आणि साधने मिळून घडत होते, हा हचिन्स यांचा निष्कर्ष. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत तो हाती लागणे कठीण होते.

संशोधनपद्धती : प्रयोग, संगणकीय प्रतिमाने, मेंदूचे प्रतिमांकन, क्षेत्रीय निरीक्षण.

आक्षेप : सहा शाखांचा मेळ खरोखर जमला का, याविषयी मतभेद आहेत. राफाएल नून्येस व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये असा मेळ साधला गेला नसल्याचे आणि मानसशास्त्राचेच वर्चस्व राहिल्याचे मांडले. विविधता हेच या विषयाचे बळ होय, असे उत्तर इतरांनी दिले.

भारत : अलाहाबाद विद्यापीठात वर्तन व बोधनविज्ञानांचे केंद्र २००२ मध्ये स्थापन झाले. गांधीनगरच्या आयआयटीत या विषयाची एम.एस्सी. पदवी मिळते; कानपूरच्या आयआयटीत स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुले विज्ञानातील संकल्पना कशा आत्मसात करतात यावर संशोधन चालते व विज्ञानशिक्षणात पीएच.डी. करता येते.