खोका शाबूत, बरणी मात्र फुटलेली! पार्सलसाठी पॅकिंगचं साहित्य कसं निवडाल?

कुरिअरने आलेल्या खोक्यावर ओरखडाही नसतो, पण उघडल्यावर आत काचांचा चुरा! असं का होतं?

क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो. चेंडू थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो आणि तळहाताला बसणारा मार कमी होतो. पॅकिंगमधल्या मऊ थराचं कामही हेच. खोका आपटला की जमिनीवर जागीच थांबतो, आतली वस्तू मात्र त्याच वेगाने पुढे जात असते. तिला हळूहळू थांबवणारं मध्ये काही नसेल तर ती खोक्याच्या भिंतीवर आदळते.

म्हणून आधी वस्तूचं वजन बघा. थर फार कडक असेल तर हलकी वस्तू त्यात रुततच नाही आणि झटका थेट तिला बसतो. फार मऊ असेल तर जड वस्तू त्याला पार चेपून तळाला टेकते. काचेचे पेले, छोट्या मूर्ती यांना बारीक फुग्यांचा बबल रॅप पुरतो. मिक्सरला मात्र त्याचा एक वेढा म्हणजे निव्वळ समाधान! तिथे साच्यात बसणारा थर्माकोल किंवा फोमच हवा. कंपनीचा मूळ खोका माळ्यावर जपून ठेवणारे लोक शहाणेच म्हणायचे.

गंमत म्हणजे बबल रॅप पॅकिंगसाठी जन्मलाच नव्हता. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान हे दोघे भिंतीला लावायचा उठावदार कागद करायला निघाले होते. तो चालला नाही. पुढे आयबीएमचे १४०१ संगणक पाठवताना तो कामी आला आणि मग जगभर पसरला.

घरची रद्दी चुरगळून भरली तर मोकळी जागा छान भरते. पण एकदा दबलेला कागद पुन्हा फुगत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात आत पोकळी तयार होते. शाईचे डाग पडतात ते वेगळंच.

आणि आपला पेंढा? कोकणातला हापूस भाताच्या पेंढ्यात ठेवून पेटीत भरतात ते उगाच नाही. फळाला गादी मिळते आणि हवाही खेळती राहते. तेच फळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर ओल कोंडते आणि ते सडतं. परदेशी पार्सलमध्ये मात्र पेंढा नको. किडी आणि तणाचं बी येण्याच्या भीतीने ऑस्ट्रेलियासारखे देश तो चालवून घेत नाहीत.

वस्तूच्या सगळ्या बाजूंनी साधारण पाच सेंटिमीटर गादी ठेवा, बशा आडव्या न रचता उभ्या ठेवा. टेप लावण्याआधी खोका हलवून बघा. खुळखुळ ऐकू आली तर अजून भरा.

पण म्हणून वाटेल तेवढा मोठा खोका घेऊ नका. हवाई पार्सलसाठी बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला ५००० ने भागतात. हे उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं, तर पैसे त्यावर लागतात. ४० × ३० × ३० च्या खोक्यात तीन किलो फराळ भरलात, तरी बिल ७.२ किलोचं येईल.