जनुकीय चाचणीतील ‘अनिश्चित’ निष्कर्षाचा अर्थ

आनुवंशिक कर्करोगाच्या जनुकीय चाचणीत दोष आढळतो किंवा आढळत नाही, एवढेच दोन निष्कर्ष संभवतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिसराही निष्कर्ष वारंवार येतो. ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असे त्याचे वर्णन केले जात असून प्रयोगशाळांच्या परिभाषेत त्यास ‘व्हीयूएस’ म्हणतात. जनुकात बदल आहे, मात्र तो रोगकारक की निरुपद्रवी हे उपलब्ध पुराव्यांवरून ठरविता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ होतो.

स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा शोध अनुक्रमे १९९४ आणि १९९५ मध्ये लागला. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थांनी २०१५ मध्ये जाहीर केलेल्या निकषांनुसार अशा बदलांच्या पाच श्रेणी मानल्या जातात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी.

श्रेणी ठरविताना कुटुंबातील रुग्ण व्यक्तींमध्ये तोच बदल आहे काय, प्रयोगशाळेत त्याने जनुकाचे कार्य बिघडते काय, हे तपासले जाते. तो बदल सर्वसामान्य लोकसंख्येत किती आढळतो, हाही महत्त्वाचा पुरावा होय. बदल पुष्कळ लोकांत आढळत असेल तर तो घातक असण्याची शक्यता कमी होते. भारतीय रुग्णांची अडचण नेमकी येथेच आहे. जागतिक माहितीसंचांत युरोपीय वंशाच्या व्यक्तींची संख्या मोठी असल्याने आपल्याकडील एखाद्या समाजात सहज आढळणारा बदलही तेथे दुर्मिळ दिसतो आणि अहवालात ‘अनिश्चित’ असा शेरा येतो.

ही उणीव भरून काढण्याचे काम राजधानी परिसरात सुरू आहे. दिल्लीतील जिनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने २०१९ मध्ये ‘इंडिजेन’ प्रकल्प हाती घेतला. त्यातील १,०२९ भारतीयांच्या जनुकसंचांत सुमारे ५ कोटी ५९ लाख बदल नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के बदल जागतिक संचांत नव्हते. पुढे ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १० हजार जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुली झाली. अर्थात, देशाच्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या लहानच आहे. शिवाय नमुना देताना निरोगी असलेल्या व्यक्तीस पुढे कर्करोग होणारच नाही, असेही नाही.

अनिश्चित श्रेणीतील बदलाच्या आधारे स्तन किंवा बीजांडकोश काढण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया करू नये, असे वैद्यकीय संकेत सांगतात. तपासण्यांचा निर्णय कौटुंबिक इतिहासावरून घेतला जातो. केवळ या निष्कर्षावरून नातेवाइकांचा धोका ठरविणेही योग्य मानले जात नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पुढे फेरवर्गीकरण झालेल्या अशा निष्कर्षांपैकी सुमारे ९१ टक्के निरुपद्रवी अथवा बहुधा निरुपद्रवी ठरले, तर जवळपास ९ टक्के रोगकारक श्रेणींत गेले. त्यामुळे रुग्णांनी जुना अहवाल जपून ठेवावा आणि श्रेणी बदलली आहे काय, याची चौकशी एक-दोन वर्षांच्या अंतराने जनुकीय समुपदेशकाकडे करावी.