शिळावर्तुळांवर दावा करण्याआधी पुरावा वाचा

विदर्भातल्या शिळावर्तुळांचे फोटो आपल्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात. कुणी खाली लिहितो, 'पांडवांनी मांडलेले दगड'. त्याला उत्तर म्हणून आपल्यातलाच कुणी लिहितो, 'हे आमच्या नागांचे स्तूप'. पहिली गोष्ट भाकडकथा आहे. पण दुसरे विधान आपण कोणत्या पुराव्यावर करतो? बुलडाणा जिल्ह्यात तरुणांसोबत काम करताना आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही.

आधी वस्तुस्थिती. नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे 300 वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम केले. रचना अशी : कडेने मोठे धोंडे, आत काळी माती आणि दगडगोट्यांचा भराव, त्याखाली मृतांचे अवशेष, मडकी, लोखंडी हत्यारे. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व पहिले सहस्रक. म्हणजे यातली जुनी वर्तुळे बुद्धांच्याही आधीची. त्यांना स्तूप कसे म्हणायचे?

ही दफनस्थळे समाज कसा होता तेही सांगतात. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीला घोड्याचे अवशेष तांब्याच्या दागिन्यांसह मिळाले. एवढे धोंडे ओढायला अनेक हात लागले असणार, पण असे दफन प्रत्येकाच्या वाट्याला आले असेल असे दिसत नाही. विषमतेची खूण तिथेही आहे. म्हणून 'आमचे पूर्वज सगळे समान होते' असे म्हणून चालणार नाही. पण लोखंड गाळणारे, धोंडे वाहणारे हे लोक कोणत्याही पुराणाचे नायक नाहीत. इतिहास त्यांच्या कष्टातून उभा राहिला, हे मात्र ठामपणे सांगता येते.

मग स्तूपाशी काहीच नाते नाही? गोल आकार, आतला भराव, मृतांची आठवण हे साम्य खरे आहे आणि अभ्यासकांनी त्यावर चर्चाही केली आहे. पण साम्य म्हणजे वारसा सिद्ध झाला असे नाही. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये जिथे पुराव्याचा दुवा तुटतो तिथे हा तर्क आहे, असे सांगूनच मांडणी केली. नागपूर का निवडले, हे सांगताना 15 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागांचा उल्लेख केला. पण त्या भाषणाच्या आधारे प्रत्येक धोंड्यावर नागांचे नाव लिहिणे ही बाबासाहेबांची पद्धत नव्हे.

जिथे पुरावा पक्का आहे तिथे आपण किती बोलतो? आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या भोन येथे पूर्णेकाठी डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी उत्खनन केले. विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. फॉरवर्ड केलेल्या फोटोवर शंभर 'जय भीम' पडतात, पण भोनसाठी माहिती अधिकाराचे अर्ज किती जातात?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. गावात असे दगड दिसले तर खोदू नका, हलवू नका. फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या, पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. शिळावर्तुळे आपली ठरोत वा न ठरोत, ती वाचवायचीच आहेत. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांनी दुसऱ्याचा इतिहास पुसू देता कामा नये. आणि खोट्या पायावर आपलाही उभारू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!