लोणावळ्याचे विद्यार्थी आणि स्वभावाची प्रश्नावली

योगाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून लोणावळ्याच्या कैवल्यधामात चालवले. नौली आणि उड्डियान या पोटाच्या क्रिया करताना पोटातला दाब किती बदलतो, हे दाबमापक सांगे. साधकाला स्वतःबद्दल काय वाटते, याची त्या उपकरणाला गरज नसे. मनाची मोजणी मात्र साधकाच्या सांगण्यावरच उभी असते.

१९५० मध्ये येथे योगाचे महाविद्यालय निघाले. १९७२ च्या सुमारास संस्थेच्या ‘योगमीमांसा’ नियतकालिकात कोचर आणि प्रताप यांचे चिंता व न्यूरोटिक कल या विषयांवरील अभ्यास आले. तोवर प्रश्नावली जगभर रुळली होती. मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांच्या १९६४ च्या व्यक्तिमत्त्व-सूचीत ५७ प्रश्न होते. त्यांतले ९ उत्तर देणारा स्वतःला चांगला दाखवतो का, हे ताडण्यासाठीच. सँड्रा बेम यांनी १९७४ मध्ये पुरुषी व बायकी गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती कॅलिफोर्नियातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर बेतलेली. मानसशास्त्र हे बव्हंशी कॉलेजातल्या पोरांचेच शास्त्र झाले आहे, ही मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांची तक्रार १९४६ मधली.

विद्यार्थी हाताशी असतात, म्हणून अशा अभ्यासांसाठी ते निवडले जातात. पण योग शिकण्यासाठी घर सोडून आलेला तरुण हा आधीच वेगळा माणूस असतो. त्या काळी घरच्यांनी परगावी पाठवलेली मुलगी तर आणखीच वेगळी. मुलगे आणि मुली दोन निरनिराळ्या चाळण्यांतून वर्गात येतात. मग त्यांच्या गुणांत दिसलेला फरक स्वभावाचा की चाळणीचा, हे प्रश्नावली सांगू शकत नाही. अडचणीचा खरा गाभा हाच आहे. त्यात भीती कबूल करणे मुलाला कमीपणाचे वाटते, राग कबूल करणे मुलीला. मुली अधिक चिंतातुर, असा निष्कर्ष निघतो तेव्हा चिंता जास्त की कबुली जास्त, हा प्रश्न उरतोच.

महाविद्यालयाच्या भोवताली मावळ पसरले आहे. पवन मावळात आषाढात चिखलात वाकून भात लावणारी बाई विद्यार्थ्यांच्या या नमुन्यात येत नाही. तिच्या धीराबद्दल वा काळजीबद्दल वर्गातल्या कागदावरून काही म्हणता येत नाही. म्हणून अशा अभ्यासाला ‘स्त्री-पुरुषांचा स्वभाव’ असे नाव देऊ नये. ‘अमुक वर्गातील विद्यार्थी-विद्यार्थिनींची उत्तरे’ एवढेच नाव खरे ठरते.