खर्जाचे घर

‘खर्ज’ हा शब्द म्हणजे ‘षड्ज’ या संस्कृत शब्दाचे बोलीच्या वाटेने आलेले रूप. ‘ष’चा उच्चार ‘ख’ करण्याची उत्तरेकडील जुनी सवय त्यात टिकून आहे. सहा स्वरांना जन्म देणारा तो षड्ज, आणि त्याचे मंद्र रूप म्हणजे आपला खर्ज. एखाद्याचा आवाज खर्जातला आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो खालच्या पट्टीतला आहे एवढेच सांगत नाही. त्याला वजन आहे, असेही सुचवतो. हे वजन लाकडात आणि तारेत उतरवायचे कसे, हा वाद्यकारांचा जुना प्रश्न आहे. अ‍ॅकॉस्टिक बास गिटार आणि मिरजेचा तंबोरा ही त्याची दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

अडचण साधी आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि त्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी ८ मीटरांहून अधिक भरते. मांडीवर मावणारी लाकडी पेटी इतकी मोठी लाट जोमाने ढकलू शकत नाही. युरोपने यावर पेटीच वाढवली. माणसाहून उंच असा, उभ्याने वाजवायचा डबल बास त्यातून रूढ झाला. मुंबईच्या जॅझवृंदांत आणि पुढे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांनी तोच हाताळला. मेक्सिकोच्या मारियाची मेळ्यांतील फुगीर पाठीचा गिटारॉन हे त्याच विचाराचे दुसरे रूप. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी विजेवरची ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली आणि पेटीचा प्रश्नच बाजूला सारला. तार कंप पावे, आवाजाची जबाबदारी मात्र ध्वनिवर्धकाकडे गेली.

विजेविना वाजणारी बास गिटार हवी, हा विचार त्यानंतरचा. गिटारॉन डोळ्यांसमोर ठेवून अर्नी बॉल यांनी १९७२ मध्ये ‘अर्थवूड’ ही बास गिटार काढली. तिची पेटी एवढी खोल होती की वाजवणाऱ्याचा हात तिला वळसा घालताना अवघडावा. १९८५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या मागून आलेल्या बहुतेक अ‍ॅकॉस्टिक बास गिटारींची पेटी उथळ राहिली. तिच्यात विद्युत्-ग्राहक बसला आणि वाद्य दिसायला लाकडी, ऐकायला विजेचे असे झाले. नावात ‘अ‍ॅकॉस्टिक’ असलेले वाद्य दोन साध्या गिटारींच्या आवाजात बुडून जावे, हा त्या इतिहासातला विरोधाभास आहे.

मिरजेने वेगळी वाट धरली. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम शस्त्रांची मागणी ओसरल्यावर मंदावले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय या गावातील संगीताला होता. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले, आणि तंबोरा काटेकोर सुरात लावण्याचा त्यांचा आग्रह या गावाच्या कानात मुरला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळवलेला भोपळा, तुनीच्या लाकडाची दांडी आणि तबली, चार तारा, त्यांतली खर्जाची पितळी. साहित्य एवढेच. तंबोऱ्याची करामत आहे ती घोडीवर. घोडीचा माथा किंचित वक्र घासलेला असतो, तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधली जाते आणि जवारी उघडते. तार घोडीला निसटता स्पर्श करत राहते. त्या स्पर्शातून मूळ स्वराचे वरचे अंश उजळून निघतात. तंबोऱ्याच्या या वर्तनाला तारांच्या कंपनाचा यंग-हेल्महोल्ट्झ नियम पुरता लागू होत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास नोंदवले.

कानाचा एक गुण येथे उपयोगी पडतो. मूळ स्वर क्षीण असला तरी त्याचे वरचे अंश नीट मिळाले, तर कान तो मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. चांगल्या अ‍ॅकॉस्टिक बास गिटारचा खर्जही बराचसा असाच ऐकू येतो. मिरजेच्या कारागिराने पेटी अवाढव्य न करता कानाचे हे सहकार्य मिळवले. ग्रंथात सूत्र मांडले जाण्याआधी ते त्याच्या कानसेत होते.

बदलापूरच्या खरवईत राहणाऱ्या, औद्योगिक वसाहतीतून संध्याकाळी घरी परतणाऱ्या एखाद्या हौशी वादकापुढे या दोन्ही परंपरा एकाच लोहमार्गाच्या दोन दिशांना आहेत: एकीकडे मुंबईतील धोबी तलावाची वाद्यांची दुकाने, दुसरीकडे कर्जत, पुणे ओलांडून मिरज. तो बास गिटार घ्यायला निघाला, तर मिरजेची कसोटी त्याने सोबत न्यावी. वाद्य प्रथम विजेविना ऐकावे. पेटीची खोली पाहावी. खालची तार छेडून ती किती मोठी वाजते यापेक्षा किती वेळ आणि किती भरीव राहते, हे ऐकावे. शेजारी कुणाला साधी गिटार वाजवायला सांगावे. पाठ छातीला टेकवून कंप अंगात उतरतो का, तेही पाहावे. पावसाळ्यातली दमट हवा लाकूड फुगवते आणि सूर हलवते; म्हणून घरी आणल्यावरही ते वाद्य पुनःपुन्हा लावावे लागणार, हे गृहीत धरावे.

छातीला टेकवून ऐकण्याची ही गोष्ट गौण नाही. तंबोऱ्याचा खर्ज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपेक्षा गाणाऱ्याला अधिक ऐकू येतो. त्याच्या पाठीशी तो उभा असतो. अ‍ॅकॉस्टिक बासचे सुखही असेच जवळचे आहे: लहान खोली, दोन सोबती, आणि सर्वांत आधी वाजवणाऱ्याची स्वतःची छाती. सभागृह भरणे हे तिचे काम नव्हे, आणि त्या मापाने मोजली तर ती नेहमीच उणी ठरेल.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाईल; घोडी घासणारा हात टिकण्यासाठी मात्र जवारी उघडली की नाही हे ओळखणारे गिऱ्हाईक लागते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि भ्रमणध्वनीतला तंबोरा यांनी रियाझाची सोय केली, पण त्यांत लावायचे असे फारसे काही उरत नाही, आणि लावता लावताच कान घडत असतो. म्हणून कुणी खरवईत बसून गिटारचा खर्ज विजेविना ऐकायला शिकत असेल, तर त्याचा तो कान मिरजेच्याही उपयोगी पडणारा आहे.