मर्ढेकर चार कपाटांत

‘मर्ढेकरांची कविता’ हे पुस्तक मी पहिल्यांदा सलग वाचले ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये, दुपारच्या पाळीत. माल उतरवून झाला की तासभर कोणी फिरकत नसे. एका आठवड्यात पुस्तक संपले आणि माझे एक मत तयार झाले. ते पुढे वीस वर्षे मी कुठलीही शंका न घेता बाळगले. मत असे, की मर्ढेकर नावाचे दोन कवी आहेत. पहिला ‘शिशिरागम’चा, हळवा, बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वाटेने जाणारा. दुसरा ‘काही कविता’चा, गिरणगाव, बंदर, रेशन, मेलेले उंदीर आणि यंत्रे यांच्याविषयी ओवी-अभंगांत बोलणारा. पहिल्याचे पुस्तक १९३९चे, दुसऱ्याचे १९४७चे. मधल्या आठ वर्षांत कवी गप्प होता आणि महायुद्धाने त्याला हलवून जागे केले. आमच्या खोपटच्या अभ्यासमंडळात मी हे दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या.

हे मत चुकीचे होते. कसे, ते सांगायला हा लेख लिहीत आहे. त्यात पुस्तकाचाही थोडा दोष आहे, पण जास्त माझा.

आपल्याकडे मोठा कवी बहुतेकदा मरणानंतर एकत्र बांधला जातो. केशवसुत १९०५ साली गेले. ‘केशवसुतांची कविता’ हरि नारायण आपट्यांनी १९१७ साली काढली. बालकवी १९१८ साली गेले. त्यांची समग्र कविता नीट हाती यायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. बाळ सीताराम मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ला खानदेशात फैजपूरला जन्मले आणि २० मार्च १९५६ला दिल्लीत वारले. वय सेहेचाळीस. ‘मर्ढेकरांची कविता’ मौजेने १९५९ साली काढली. ‘शिशिरागम’, ‘काही कविता’ आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) हे तिन्ही संग्रह तिच्यात एकामागोमाग आहेत. वाचकाला पान उलटले की पुढचा संग्रह मिळतो. १९३९मधून १९४७मध्ये जायला पान उलटण्याइतकाच वेळ लागतो, आणि मध्ये काही नव्हतेच असे वाटते.

मध्ये काय होते ते दुसऱ्या पुस्तकांत आहे. ‘मर्ढेकरांच्या कादंबऱ्या’ हा खंड १९६२चा. नाटक आणि संगीतिका आणखी एका पुस्तकात. सौंदर्यशास्त्रावरचे लेखन ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये, ते मात्र त्यांच्या हयातीतच, १९५५ साली निघाले आणि त्याला १९५६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे एकाच माणसाचे लेखन कविता, कादंबरी, नाटक, समीक्षा असे चार ठिकाणी वाटले गेले. वाचनालयांनी त्यावर कडी केली. कवितेचे कपाट खिडकीजवळ, कादंबऱ्यांचे दारात, नाटके पोटमाळ्यावर आणि समीक्षा संदर्भ विभागात. एका कपाटाशी गेलेला वाचक दुसऱ्या कपाटाशी क्वचितच जातो. मी कवितेच्या कपाटाशी जाणारा होतो.

स्टोअर्समध्ये आमचा एक साधा नियम होता. माल कुठल्या रॅकवर ठेवला यावरून नोंद करायची नाही, गेटातून कधी आत आला त्या तारखेने रजिस्टरात चढवायचा. नोकरी सुटल्यावर हाताशी वेळ होता, म्हणून एका जुन्या खतावणीत मी मर्ढेकर तसे चढवून पाहिले. नोंदी अशा आल्या. १९३७ साली ‘आर्ट्‌स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक. १९३९ला ‘शिशिरागम’. १९४१ला ‘वाङ्मयीन महात्मता’. १९४२ला ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी, १९४३ला ‘तांबडी माती’. १९४४ला ‘नटश्रेष्ठ’ हे नाटक, सौंदर्यशास्त्रावरची दोन इंग्रजी व्याख्याने आणि ‘कर्ण’ ही संगीतिका. १९४५ला ‘संगम’, १९४६ला ‘औक्षण’. त्याच १९४६मध्ये उंदरांची ती गाजलेली, बदनाम झालेली कविता बडोद्याच्या ‘अभिरुची’त छापून आली. १९४७ला ‘बदकांचे गुपित’ आणि ‘काही कविता’. १९४८ला ‘पाणी’ ही तिसरी कादंबरी.

गप्प बसलेला माणूस कुठे आहे यात? ज्या वर्षांत मी त्याला मुका ठरवला होता, त्या वर्षांत तो जवळजवळ दरवर्षी काही ना काही छापत होता. फक्त ते कवितेच्या कपाटात नव्हते.

‘रात्रीचा दिवस’ मी तेव्हाच प्रथम नीट वाचली. मराठीत संज्ञाप्रवाहाचे तंत्र जाणून वापरणारी ही आरंभीची कादंबरी. दिक्पाल हा नायक, आणि कथानक म्हणण्यापेक्षा त्याच्या मनात जे चालते ते. एक विचार अर्धा सोडून दुसरा येतो. आठवण, समोरचा आवाज, वाचलेले वाक्य, भीती यांच्यामध्ये पडदा नसतो. वाचायला सोपी नाही. दोनदा मध्येच ठेवली, खोटे कशाला सांगू. पण तिसऱ्यांदा वाचताना जाणवले, की ‘काही कविता’मध्ये जे मला एकदम अवतरल्यासारखे वाटत होते, म्हणजे दूरच्या दोन गोष्टी मधला दुवा न सांगता शेजारी ठेवणे, संतांच्या शब्दाला यंत्राचा शब्द भिडवणे, इंग्रजी आणि शास्त्रातले शब्द बेधडक मराठीत आणणे, त्या सवयीची तालीम इथे चालू आहे. कवितेत ती ओवीच्या आणि अभंगाच्या चौकटीत बसली म्हणून धारदार झाली. गद्यात ती सैल आहे, कधी कंटाळवाणीही. पण ती आधीची आहे.

रेडिओचेही तसेच. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. संगीतिका ही रेडिओची गरज होती, आणि रेडिओवर शब्द फक्त कानाने ऐकला जातो, डोळ्यांना काहीच दिसत नाही. ज्याने ही वर्षे माइकसमोर पात्रांचे बोलणे आणि चाली यांचा मेळ घालण्यात काढली, त्याच्या कवितेतली ओवी मोठ्याने म्हणताना इतकी चपखल का बसते, याचे एक कारण इथे सापडावे. संगीतिका वाङ्मय म्हणून मोठ्या आहेत असे माझे म्हणणे नाही. ती कार्यशाळा होती एवढेच.

एक सावधगिरी सांगायला हवी. रजिस्टरातली तारीख माल आल्याची असते, तयार झाल्याची नव्हे. ‘शिशिरागम’मधल्या कविता १९३९च्या आधीच्या आहेत, आणि ‘काही कविता’तल्या काही आधी मासिकांतून आल्या आहेत. पण यामुळे माझे जुने मत आणखीच ढासळते. कारण मग ती आठ वर्षांची पोकळी दोन्ही टोकांनी बदलते, आणि मध्ये उरते ती गद्याची, नाटकाची आणि रेडिओची वर्षे.

युद्धाचे काय? युद्ध होतेच. १९४३ साली मुंबईत रेशन आले, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला, १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन शहर हादरले. हे सगळे त्या कवितेमागे आहे. पण युद्धाने विषय दिला. तो धरायचा चिमटा मर्ढेकर आधीपासून घडवत होते. इंग्लंडमध्ये ते १९२९ ते १९३२ या काळात आयसीएससाठी राहिले आणि परीक्षा न जिंकता परतले. एलियटची ‘द वेस्ट लँड’ आणि जॉइसची ‘युलिसिस’ ही दोन्ही १९२२ची. गंमत अशी, की मर्ढेकर तिथे असताना ‘युलिसिस’वर इंग्लंडात बंदी होती, ती तिथे राजरोस छापली गेली १९३६ साली. पुढे ‘काही कविता’वर इकडे अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. सरकारी नोकरीतला माणूस, आणि सरकारच फिर्यादी! दुर्बोध म्हणून टोपी उडवणाऱ्यांनी त्यातल्या नेमक्या काही ओळी मात्र बिनचूक समजून घेतल्या होत्या.

आता एक अडचण. माझा हा सगळा खटाटोप खुद्द मर्ढेकरांना पटला नसता. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या आतल्या रचनेत, संवाद, विरोध आणि समतोल या लयींत असते, असे ते मांडत. कोणती आधी आणि कोणती नंतर याने कवितेचे मोल तिळभर बदलत नाही. अभ्यासमंडळातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हेच ऐकवले : “अहो, तुम्ही कविता वाचताय की मस्टर?” मी त्यांना म्हटले, “सर, मोल तुम्ही ठरवा. मी फक्त कोण कधी आले ते लिहितोय.” पण घरी आल्यावर उत्तर पुरेसे वाटले नाही. ‘वाङ्मयीन महात्मता’त मर्ढेकर लेखनगर्भ आत्मनिष्ठेची गोष्ट करतात : लेखक लिहिता लिहिता स्वतःशी किती प्रामाणिक राहतो, ही ती कसोटी. ही कसोटी त्यांनी १९४१ साली मांडली, उंदरांच्या कवितेच्या पाच वर्षे आधी. आधी कसोटी छापून मग त्या कसोटीवर स्वतः चढणारा माणूस दिसतो, तो फक्त तारखांनी लावल्यावरच. एकट्या कवितेच्या खंडात मला तो कधी दिसला नव्हता.

आमचे ठाणे या बाबतीत खरे तर जुने आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ साली ज्यांच्या पुढाकाराने निघाले, त्या विनायक लक्ष्मण भाव्यांनीच ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून कवींना काळाच्या ओळीत बसवले. त्या गावात राहून मी कवीला कपाटाच्या ओळीत वाचत राहिलो.

आणि याहून वाईट एक गोष्ट आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका लहान वाचनालयात रविवारी बिनपगारी मदतीला जात असे. जागा कमी होती म्हणून जुनी पुस्तके मोडीत काढायचे ठरले. माझ्या ढिगात ‘तांबडी माती’ची सुटी, जुनी प्रत आली. बांधणी निखळलेली, सुरुवातीची पाने गेलेली. एकत्र खंड कपाटात होताच. मी नोंदवहीत शेरा लिहिला, ‘खंडात समाविष्ट’, खाली सही केली, आणि प्रत रद्दीच्या गाडीवर गेली.

मजकूर खरोखरच खंडात होता, त्यामुळे तो गेला नाही. गेली ती मागच्या पानावर चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी. जांभळ्या शाईचे शिक्के तिच्यावर दोन रकान्यांत होते एवढे आठवते. मर्ढेकर वाचले जात नव्हते, ते फक्त प्राध्यापकांचे लेखक होते, असे आपण सहज म्हणतो. ठाण्याच्या एका लहान वाचनालयात ती कादंबरी किती जणांनी, कुठकुठल्या वर्षी घरी नेली, याचा पुरावा त्या चिठ्ठीवर होता. खटल्याच्या काळात तिची मागणी वाढली की थांबली, तेही कदाचित कळले असते. खंडात चिठ्ठी छापत नाहीत.

गेली दोन वर्षे मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या जुन्या वाचनालयांत जाऊन १९५९पूर्वीच्या सुट्या प्रती विचारतो आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते, आणि ते माझ्याच शेऱ्यातले असते. दोन प्रती मिळाल्या, दोन्हींवर नवी चिठ्ठी डकवलेली. एकीवर जुनी चिठ्ठी खाली दिसते आहे. ग्रंथपालबाईंनी ती वाफेवर सोडवायची परवानगी दिली आहे, पण दिवाळीनंतर. कोणा वाचकाकडे, कोणा शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’, ‘पाणी’ किंवा ‘काही कविता’ यांची जुनी प्रत असेल, तर प्रत मला नको. तिच्या शेवटच्या पानाचा फोटो संपादकांकडे पाठवावा.