परळमधला भीतीवरचा एक प्रयोग

प्रश्नपत्रिका समोर आहे आणि एकही उत्तर आठवत नाही! नोकरीत वीस वर्षे काढलेल्या शिक्षकांनाही हे स्वप्न पडते. सिग्मंड फ्रॉइडने स्वप्नांवरच्या आपल्या १९०० सालच्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. असे स्वप्न बहुधा उत्तीर्ण झालेल्या परीक्षेचेच असते आणि उद्याच्या एखाद्या जबाबदारीची धास्ती असली की पडते, असे त्याचे निरीक्षण. (तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता, त्या विषयाचे स्वप्न मात्र त्याला कधी पडले नाही.) जागेपणीची चिंता स्वप्नात उतरते, इथवर आम्हांला हे पटते. परंतु स्वप्नामागे दडपलेली इच्छाच असते, हा त्याचा पुढचा दावा पुराव्यावर टिकला नाही.

मग स्वप्नाचा अर्थ न लावताही भीती घालवता येईल काय?

गिरणगावात, परळला, १९२६ साली के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. तेथील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६०-७०च्या दशकांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. चिंताग्रस्त रुग्णांना त्यांनी पतंजलीच्या योगातली आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान ही अंगे शिकवली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाकडून वरवर तशाच दिसणाऱ्या हालचाली आणि श्वसन करून घेतले, मनाच्या एकाग्रतेचा भाग वगळून. पहिल्या गटाची चिंता अधिक कमी झाली. आमच्या दृष्टीने यात योगापेक्षाही मोलाचा आहे तो दुसरा गट. तो नसता, तर गुण कशाने आला हे सांगताच आले नसते. रुग्ण थोडे होते, हेही विसरू नये.

१९७३च्या त्यांच्या एका निबंधाचे सहलेखक होते तरुण डॉ. दिलीप जेस्ते. फ्रॉइडची पुस्तके वाचून ते या विषयाकडे वळले होते! २०१२ साली ते अमेरिकन मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष झाले.

वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर आज जो उपचार वापरतात, त्यातही अर्थ शोधत बसत नाहीत. रुग्णाने दिवसा, पूर्ण जागेपणी, ते स्वप्न लिहून काढायचे, त्याचा शेवट हवा तसा बदलायचा आणि बदललेले स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचे. अनेकांची भयस्वप्ने यामुळे कमी होतात. काहींची दिवसाची चिंताही उतरते.